पान एकतीस

तीन दर होते.
बँकेचा माणूस फुकट. तो घरासमोरून गाडीतून जातो
आणि बँकेला कळवतो, तुमचे पैसे बुडणार नाहीत.
आमच्या पैशांसाठी त्याच्या फॉर्मवर रकाना नाही.
दुसरा चारशे ऐंशी पौंडांचा,
दिसेल तेवढं बघणारा.
तिसरा आठशे चाळीसचा.
तो शिडी आणतो.

निरंजन म्हणाला, जे घर अजून आपलं नाही
त्याच्या तब्येतीवर एवढा खर्च?
आणि नाहीच घेतलं तर?
मी म्हटलं, तर न घेण्याची किंमत समज.
तो गप्प झाला. म्हणजे पटलं असं नाही.
अक्षताचा पोहण्याचा क्लास त्या टर्मला राहिला,
आणि कार्डाचे सोळा आकडे मी फोनवर दोनदा वाचले,
कारण पहिल्यांदा माझा पाच
त्यांना नऊ ऐकू आला.

स्टॉकपोर्टच्या उतारावर,
दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना खांदे लावून उभं असलेलं
एकोणीसशे चारचं लाल विटांचं घर.
मिस्टर ऑल्डक्रॉफ्ट गुडघ्यांना पट्ट्या बांधून आले.
ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं की किरकिरायचं,
आणि प्रत्येक किरकिरीला डोरीन हॅलम
स्वयंपाकघरातून विचारायच्या, दूध घालू ना?

आम्हाला शेवटच्या अर्ध्या तासाला बोलावलं होतं.
बाहेर, गाडीपाशी, आवाज खाली आणून ते म्हणाले:
मागच्या बेडरूममधली फायरप्लेस
कुणीतरी मुळापासून फोडून काढलीय.
वरचं धुराडं मात्र तसंच ठेवलंय.
माळ्यावर विटांचा तो सगळा भार
दोन फळ्यांवर बसलाय.
किती भार?
एका लहान मोटारीएवढा.
मग पडलं कसं नाही?
त्यांनी पट्ट्या सोडत विचार केला.
घराला अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणाले.

बडा घर पोकळ वासा म्हणतात.
हे तर दोन खोल्या खाली, दोन वर.

रिपोर्ट बासष्ट पानांचा.
पान एकतीसवर लाल चौकोन, त्यात तीनचा आकडा.
पहिल्याच पानावर बजावलेलं:
हा मजकूर केवळ ग्राहकासाठी.
निरंजनने त्या रात्री कॅल्क्युलेटर काढला.
आठशे चाळीस घालून आठ हजार सुटतात, बघ,
किंमत पाडून मागू, कारण लेखी आहे.
कित्येक महिन्यांनी तो इतका खूश दिसत होता
की मला बोलवेना.

मला तो पलंग दिसत होता.
मागच्या बेडरूममध्ये, बरोबर त्याच्याखाली,
उशाशी चष्मा, पाण्याचा पेला,
पेल्यावर झाकण म्हणून बशी.
पदरमोड करून आम्ही जे विकत घेतलं होतं
ते त्यांच्या डोक्यावर होतं.
आणि ते वाचायचा हक्क फक्त आमचा.

शनिवारी मी एकटीच गेले. पान घडी करून खिशात.
त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन वाचलं,
ओठ हलवत, बोट ठेवून.
रॉनने काढलं ते, म्हणाल्या.
चौऱ्याहत्तर साली. पाळणा बसत नव्हता.
एका रविवारात उरकलं त्याने,
छिन्नी शेजारच्या बर्टची,
ती परत द्यायची राहूनच गेली.
मग हसल्या. मग छताकडे बघितलं,
झोपलेलं माणूस उठू नये
अशा बेताने.

आठ हजारांचं मी काही बोलले नाही.
ते सोमवारी एजंट बोलणारच होता,
आणि आम्हालाही ते हवे होते. खोटं कशाला बोलू?

पलंग सरकवायला हात लावतेस का, त्यांनी विचारलं.
मी पायाकडची बाजू धरली.
गालिच्यात चार खळगे पडलेले,
आत रंग अजून नवा, गडद हिरवा.
पलंग जड होता. दाराशी अडला.
थांब, म्हणाल्या,
आधी पेला उचलते.